कचरा सोडून

लाल दिवा लागत होता, विझत होता. करंगळीच्या पेराएवढी ती वस्तू, पवन तिला पेनड्राइव्ह म्हणतो, कॉम्प्युटरच्या कुशीला चिकटलेली, आणि टोकाशी तो दिवा... गोचीड रक्त पिताना दिसावी तसा. सरूबाईंनी मान वळवून लसणाची एक पाकळी सोलली आणि पुन्हा तिकडेच पाहिलं.

सकाळपासून पवन त्या खोक्यापुढे बसला होता. कंपनीतली आठवड्याची सुट्टी त्यानं यासाठीच ठेवली होती. कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. अक्षर दाबावं आणि ते उमटेपर्यंत आत जाऊन दुधाला बघून यावं. पुढच्या महिन्यात त्याच्या बाबांचा सहावा स्मृतिदिन, वडगावच्या विहारात कार्यक्रम, त्यांच्या भाषणांची स्मरणिका करायची... ती या मशीनवर होणार नव्हती. म्हणून सगळं पुसायचं आणि विंडोज नव्यानं टाकायची.

सगळं.

"फोटो घेतले, बाबांची भाषणं घेतली, यशोधराच्या शाळेच्या फायली घेतल्या," पवन बोटं मोजत म्हणाला. "कचरा सोडून सगळं घेतलंय बघ."

पडद्याच्या कोपऱ्यात ती टोपली होती. टाकून दिलेलं तिच्यात जातं हे सरूबाईंना सुनेकडून कळलं होतं. यशोधरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लॉकडाउनमध्ये ती पहिलीच्या पोरांना याच कॉम्प्युटरवरून शिकवायची, आणि सरूबाई कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं शेजारी लसूण सोलत बसायच्या. पोरं ओरडायची, सरूबाई नुसते ओठ हलवायच्या. साठाव्या वर्षी अक्षरं आली ती अशी, पोरांबरोबर, पण पोरांना न दिसता.

टोपलीत कुणी बघत नाही. दुपारी घर रिकामं झालं की मी माझ्या लिखाणाची फाइल तिच्यातून बाहेर काढायचे, चार ओळी घालायचे, परत टाकून द्यायचे. ठेवायचं तर अशा जागी, जिथं दुसऱ्याला हात घालावासा वाटत नाही... हे कुणी शिकवलं नव्हतं. देहूरोडला भाड्याच्या खोलीत होतो तेव्हा अंकलिपीही मी गोवऱ्यांतच ठेवली होती.

पवनची पहिलीची, त्याची वापरून झालेली. न्हाणीपाशी गोवऱ्यांची चवड होती, तिच्या तिसऱ्या थरात सरकवलेली. त्या दिवशी संध्याकाळी ह्यांचं विहारात भाषण होतं, बायांच्या शिक्षणावर. म्हणून सकाळी लवकर आंघोळ हवी होती, आणि हे स्वतःच बंब पेटवायला बसले. चार गोवऱ्या एकदम उचलल्या, आत घातल्या. मधून पुठ्ठ्याचा पिवळा कोपरा दिसला, मग तो वळला, काळा झाला... त्यांनी पाहिलं होतं की नव्हतं? एका दुपारी मी लिहिलं, ह्यांनी बघितलं आणि घातली. दुसऱ्या दुपारी लिहिलं, धुरानं डोळे चुरचुरत होते, कसं दिसणार. तिसऱ्या दुपारी तेही खोडून पुन्हा पहिलंच. चाळीस पानं झाली तरी निकाल लागत नव्हता. संध्याकाळी भाषणाला टाळ्या पडल्या. मागं चहा गाळत होते, गाळणी खाली ठेवून मीही वाजवल्या.

"आई, ऐकतेस ना? आता पुसतोय. एकदा दाबलं की परत येत नाही. तुझं काही आहे का यात?"

सांगितलं तर तो फाइल बाहेर काढणार. बापासारखाच कपाळाला आठी घालून वाचतो तो, आणि पहिल्याच ओळीत बाप आहे. ज्या बापाची भाषणं त्यानं रात्रपाळ्या करून टाइप केली तो बाप. नाही सांगितलं तर पाच वर्षांच्या दुपारी... हाताला पाकळी लागेना, ताटलीत नुसती टरफलं लागत होती.

"माझं काय असणार त्यात."

"मग पुसू?"

"पूस की."

त्यानं दाबलं. काहीच आवाज झाला नाही. बंबात निदान तडतडलं तरी होतं.

मग आकडे आले. सात टक्के. अकरा. एकोणीसवर बराच वेळ अडकलं. आज गुरुवार नाही, दुरुस्तीसाठी लाइट जायची नाही, आणि गेलीच तर...

"लाइट गेली तर पुसलेलं परत येतं का रे?"

"लाइट गेली तर आहे तेपण जाईल. तू लसूण सोल."

साठ. चौऱ्याऐंशी. आणि एकदम पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत कुणीतरी उभं दिसलं, चौकटीत, हातात काहीतरी धरून... मग कळलं, आपणच. कधी उठलो, कधी दाराशी जाऊन उभ्या राहिलो, ताटलीसकट.

तेव्हाही मी दारातच होते. हातात हंडा होता. पिवळा कोपरा गोवऱ्यांतून बाहेर आलेला मी बघितला होता, त्यांचा हात बंबाकडे जायच्या आधी. थांबा म्हणायला पुरेल एवढा वेळ होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, हे बघतात का ते बघत... चाळीस पानांत हे कुठंच नव्हतं.

पडदा उजळला. नवा, कोरा. कोपऱ्यात तेवढी ती टोपली, आणि टोपली रिकामी.

"आई, ये, बस. मराठी टाकलंय, चालवून बघ. बाबांवर दोन ओळी लिही, स्मरणिकेत पहिल्या पानावर घालू."

"मला कुटं लिवाया येतंय."

"येतंय. यशोधरा सांगते ना सगळ्यांना, माझ्या पहिलीतली सगळ्यात गप्प विद्यार्थिनी म्हणून. लिही तू, मी चहा टाकतो."

तो आत गेला. पानाच्या डोक्याशी बारीक उभी रेघ लुकलुकत होती. तिनं एक बोट पुढे केलं. ह्यांनी, एवढंच लिहिलं. अक्षर आता दाबताक्षणी उमटत होतं, मधला तो वेळ, ज्यात विचार बदलता यायचा, तो राहिलाच नव्हता. तिनं ते खोडलं.

मी दारात उभी होते.

उमटलं. काळंभोर, चार शब्दांचं. आता आतून चहा गाळल्याचा आवाज आला, कप बशीवर ठेवल्याचा. लसणाचा वास लागलेला हात माउसवर होता. टोपली तिथून दोन बोटांवर... पावलं आली, थांबली.

तिनं मान वळवली नाही. दारात आता तो होता, दोन्ही हात कपांनी अडकलेले, आणि ह्यांच्या जागी, बंबापुढं, मी. त्याला तिथून दिसत होतं की नव्हतं?