स्टिअरिंगवरचे दोन दात

आश्विनातले ऊन मोठे मायावी. पाऊस ओसरलेला, आभाळ धुऊन काढलेले, आणि कृष्णेच्या काठाकाठाने हळदीची रुंद, रसरशीत, हरितश्यामल पाने त्या सुवर्णधवल प्रकाशात न्हाऊन उभी. वर सारे तेजाळ, तृप्त, निःशब्द. आणि खाली गाळात पाय घातला की पुराने आणून टाकलेल्या कुजक्या पाल्याचा वास. असल्या उन्हाचा भरवसा कुणी धरू नये.

त्या काठावरच्या एका गावात, मळ्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी उभी असे. चाळीस सालची, विलायती. मेघवर्णा, दीर्घनासिका, वर्तुळनेत्रा. पितळेचे ओठ, काळ्याभोर काठांची पावले. असे तिचे वर्णन तिच्या मालकाने करावे. गाव आपले तिला सरळ ‘मगदुमांची म्हातारी’ म्हणे.

मालक भूपाल मगदूम, सगळ्यांचे अण्णा. जमीन वाटेकऱ्यावर टाकलेली, जीव सारा या गाडीत. हुबळीच्या भंगारात गुडघाभर चिखलात उभे राहून त्यांनी रेडिएटरची जाळी उपसून आणली. बेळगावात एक गॅरेज बंद पडले, तर त्याच्या मालकाच्या तेराव्याला जाऊन बसले आणि उठताना हेडलाइटची काच मागून घेतली. लाज वाटली का? वाटली असेल; पण काच आली. रबराची एक वाटी, तांब्याची एक नळी, एक हरवलेला स्क्रू, यांच्यामागे ऋतू गेले, केस गेले, गुडघे गेले. जुन्या गाड्यांच्या वेड्यांचा हा एक चमत्कारिक धर्म आहे. वस्तू जुनीच हवी, त्याच कारखान्याची, त्याच सालची. पण तिच्या अंगावर काळाचा एवढासा ओरखडा त्यांना खपत नाही.

लोकांना वाटे, हौस आहे माणसाला. हौस कसली आली आहे.

फार वर्षांपूर्वी, अशाच एका आश्विनात, अशाच फसव्या उन्हात, अण्णा आणि त्यांची बायको सुलोचना या गाडीतून मिरजेच्या दवाखान्याकडे निघाले होते. मागच्या सीटवर ती, आणि तिच्या मांडीवर तापाने फणफणलेला त्यांचा सन्मती. जेमतेम बोलायला लागलेले पोर. कृष्णेच्या पुलावर, अगदी मध्यावर, गाडी आचके देऊन बंद पडली. ठिणगी पुरवणारी कॉइल गेली होती. अण्णांनी बॉनेट उघडले, हात भाजून घेतले, हँडल मारमारून तळव्यांची साले काढली. गाडीने हूं की चूं केले नाही. मिरजेकडून एक बैलगाडी आली, ती वळवून घेतली. पण तोवर मांडीवरचा ताप थंड होत चालला होता. दवाखान्याच्या पायरीवर पोहोचले तेव्हा उशीर झालेला होता.

त्यानंतर त्या घरात ते नाव कुणी घेतले नाही. सुलोचना त्यांना त्यावरून कधी बोलली नाही, ते तिला कधी बोलले नाहीत. तिने स्वयंपाक केला, त्यांनी गाडी उकलली. नटानटाने, तारेतारेने. जी थांबणार नाही अशी गाडी त्यांना करायची होती. कुणासाठी, हे त्यांनी स्वतःला एकदाही विचारले नाही.

आणि सुलोचनाकाकू? त्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. पण सकाळी, झाडलोट झाली की, हातात फडके घेऊन शेडमध्ये जाई. अण्णांना वाटे, धूळ पुसते आहे बिचारी. ती फडके खांद्यावर टाकी, दार किलकिले करी आणि एक बोट स्टिअरिंगवरून फिरवी. कडक काळ्या रबराचे ते चाक, उन्हापावसाने भेगाळलेले. बोट भेगांवरून अडखळत अडखळत वर चढे, डावीकडे एका जागी येई आणि तिथे थांबे. तिथे दोन बारीक खळगे होते, शेजारी शेजारी, तांदूळ मावावा एवढे. सन्मतीला पहिले दात फुटत होते तेव्हाचे. बापाच्या मांडीवर बसून, उन्हाने मऊ झालेल्या रबराला त्याने कडाडून चावा घेतला होता आणि बाप खदखदून हसला होता. पोराचे म्हणून जगात एवढेच उरले होते. तिथे बोट टेकले की तिचा दिवस सुरू होई.

अण्णांनी ते खळगे पाहिले नव्हते असे नाही. शंभरदा पाहिले होते. पण दुरुस्त करणाऱ्याच्या डोळ्यांना भेग ती भेग आणि खळगा तो खळगा. सगळी गाडी आता लखलखीत झाली होती, फक्त ते स्टिअरिंग तेवढे डोळ्यांत सलत होते.

खंडेनवमीच्या आधल्या आठवड्यात मिरजेच्या दस्तगीर मुजावरचा निरोप आला. स्टेशनामागे त्याचे पत्र्याचे दुकान. जुन्या गाड्यांचे हवे ते काढून देणारा माणूस. हवे होते तसेच स्टिअरिंग त्याच्याकडे आले होते. पण त्याचा एक शिरस्ता होता.

“जुनं टाका, मग हे न्या, अण्णा,” तो म्हणाला. “आतला सांगाडा मिळत नाही हो आता कुठं. वरची साल काय, कवाबी चढवता येतीय.”

अण्णांनी जुने चाक बायकोच्याच एका विरलेल्या लुगड्यात गुंडाळून नेले होते. दिले, आणि नवे घेऊन एसटीने परत आले. वाटभर ते मांडीवर धरून बसले होते, जपून, दोन्ही हातांनी. माणूस इतका सुखात होता की बघणाऱ्यालाही बरे वाटावे. घरी चकार शब्द बोलले नाहीत. गाडीवर आच्छादन ओढले, शेडला कुलूप लावले आणि म्हणाले, आता नवमीलाच बघायचं.

नवमी उजाडली. पाटावर पाने-पकडी, हातोडे, जॅक मांडले. त्यांना हळदकुंकू लागले. झेंडूच्या केशरी माळेत ती मेघवर्णा नवरीसारखी नटली. काकूंनी बॉनेटला कुंकू लावले, दार उघडले, आणि सवयीने बोट पुढे गेले. चढले. डावीकडे वळले. घसरून पुढे गेले. पुन्हा मागे आले, पुन्हा घसरले.

“अहो, हे कुठलं?”

“मिळालं शेवटी. एक भेग दाखव त्याच्यावर.”

“आणि आपलं?”

“ते दिलं दस्तगीरला. त्याशिवाय तो देत नाही.”

तिने आरतीचे ताट खाली ठेवले. आवाज चढवला नाही. म्हणाली, “त्याच्यावर सन्मतीचे दात होते.”

इतक्या वर्षांनी ते नाव त्या शेडमध्ये पडले आणि तिथेच राहिले. त्यांना तो चावा आठवला, ते हसणे आठवले, मांडीवरचे ते चिमुकले वजन आठवले. मग मिरजेला, दस्तगीरकडे जायला त्यांनी किल्ली फिरवली. काकू आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसली.

आणि काय सांगावे, गाडी अशी धावली, अशी धावली. माळेतले झेंडू वाऱ्यावर उधळत, हळदीचे हिरवे काठ मागे सारत, एका सुरात, एका श्वासात. पूल आला. अण्णांचा पाय ब्रेककडे गेला. गाडीने आचका दिला नाही. मध्य आला आणि गेला. ज्या एका क्षणासाठी त्यांनी आयुष्य घासले होते, तो क्षण चाकांखालून निघून गेला आणि दोघांपैकी कुणी खाली नदीकडे पाहिलेसुद्धा नाही.

दस्तगीरच्या दुकानामागे भट्टी होती. विझलेली. राखेला जळक्या रबराचा वास येत होता. छपराखाली तारेवर स्टिअरिंगची चाके ओळीने टांगलेली. नवी साल चढलेली, काळीशार, नितळ, एकसारखी.

“यातलंच एक हाय तुमचं, काकू,” दस्तगीर म्हणाला. त्याला कारण कळले तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. “कुठलं, ते आता मलाबी सांगता येत नाही. जुनी साल जाळल्याबिगर नवी बसत नाही हो. आधी बोलला असता तर हात लावला नसता.”

काकूंनी एकेका चाकावरून बोट फिरवले. पहिल्यावरून, दुसऱ्यावरून, शेवटच्यापर्यंत. आणि पुन्हा पहिल्यापासून. अण्णा दारात उभे होते. गाडी थांबली नव्हती, आणि तरी उशीर झालाच होता.

परतताना पुलाच्या मध्यावर अण्णांनी स्वतः होऊन गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवले. ऊन उतरले होते. कृष्णेचे पाणी पिवळे, जड, संथ.

“कुठं होतं गं?” त्यांनी विचारले.

तिने त्यांचा अंगठा धरला, नव्या स्टिअरिंगवर डावीकडे नेला आणि टेकवला. “इथं.”

मग तिने हात काढून घेतला. अंगठा तिथे राहिला. जरा वर गेला, जरा खाली आला. त्या काळ्या, चकचकीत, निष्कलंक वर्तुळावरून तो फिरू लागला. फिरत राहिला, फिरत राहिला, त्याला थांबायला जागा नव्हती. आणि इंजिन चालतच होते, एका लयीत, कुठेही न अडखळता.