केयूरगुरूंचा सिद्ध अर्ज

अमरावतीच्या कापड बाजारामागच्या बोळात, बंद पडलेल्या शिवणक्लासच्या वरच्या मजल्यावर जाणारा जिना सकाळपासून माणसांनी भरला होता. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात पदवीची प्रमाणपत्रं, आणि बहुतेकांच्या हातात दोन्ही. आत केयूरगुरू बसले होते. पुढ्यात हळदकुंकू लावलेला, हार घातलेला कॉम्प्युटर. गुरूंनी हात वर केले, डोळे मिटले, आणि कीबोर्डला कुणाचं बोटही लागलेलं नसताना पडद्यावरच्या अर्जात अक्षरं उमटू लागली. उमेदवाराचं नाव, बापाचं नाव, टक्केवारी. शेवटी हिरवी खूण आली, स्पीकरमधून शंख वाजला, आणि खोलीभर कपाळं जमिनीला टेकली. त्यात पदवीधरांची कपाळंही होती, हे विशेष सांगावं लागतं.

शकुनबाई मात्र भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. चांदूर बाजारच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं, आणि एवढी वर्षं आपण कुणाला शिकवलं, असा प्रश्न त्यांना त्या खोलीत पडला होता. त्या आल्या होत्या धाकट्या भावाच्या, सूर्यभानच्या मागे लागून. सोबत आलेली सूर्यभानची मुलगी प्राजक्ता प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करून बसली होती. सरकारी दवाखान्यात भरती निघाली होती आणि ही तिची शेवटची संधी. पुढच्या भरतीला तिचं वय बसत नव्हतं. अर्जाची मुदत आज संपत होती. गुरूंनी अर्ज कधीच भरला म्हणे. पण त्याचा नंबर काही मिळाला नव्हता, आणि पोरीनं तो मागितला की बाप अंगावर येई.

"नंबर पाह्यला तं फळ जाते," सूर्यभान दबक्या आवाजात म्हणाला. "सोताच्या हातानं भराचा नाई, अन् भरल्यावर उघडून पाहाचा नाई. गुरूनं सांगतलं हाय."

"मंग पोरीले शिकवलं काहून एवढं? नारळ धराले?" शकुनबाई म्हणाल्या.

हे गुरू परवापरवापर्यंत बसस्टँडवर मोबाईलची कव्हरं विकत होते. आता अंगात निळं जाकीट, गळ्यात रुद्राक्ष, आणि जीभ अशी की कव्हरासोबत मोबाईलही विकला जावा. "तुम्ही स्वतः अर्ज भरता, तेव्हा तुमची भीती बोटांतून सर्व्हरमध्ये उतरते," ते सांगत होते. "सर्व्हर घाबरतो. आम्ही मात्र संकल्पाने भरतो."

सर्व्हर घाबरतो, यावर इंजिनिअर झालेल्या एका पोरानं गंभीरपणे मान डोलावली.

"आणि दादांनो, पेरलेलं बी कुणी उकरून पाहतं का?"

"नाई!" सगळे बाप एका सुरात ओरडले. शिकलेल्या लेकरांना सर्व्हर आणि त्यांच्या बापांना बियाणं. ज्याला जे पचेल ते त्याच्या पानात वाढायचं, एवढीच काय ती गुरूंची सिद्धी.

शकुनबाईंना राहवलं नाही. "सूर्यभान, यंदा तुह्या वरच्या वावरात सोयाबीन निघालं नव्हतं. तवा तू काय केलं?"

"काय करीन? उकरून पाह्यलं," सूर्यभान बोलून गेला. "बी सडलं होतं. दुबार पेरलं."

खोलीत चुळबुळ झाली. तिथला एकेक बाप पेरणीनंतर वावरात उकिडवा बसून बोटानं माती उकरणारा होता. तरी सगळे बिनदिक्कत 'नाई' म्हणून ओरडले होते, कारण विचारणारा गादीवर बसला होता आणि हे खाली.

गुरूंचा चेहरा उतरला, पण ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "ताईंच्या मनात शंका आहे. मग ताईंचाच अर्ज भरू. बोला, कोणती नोकरी हवी?"

शकुनबाईंच्या पाठीशी, भिंतीवर, इंटरनेटचं डबडं लटकत होतं. त्यांनी हात मागे नेला आणि त्यातली वायर हळूच उपसली. मग म्हणाल्या, "अकोल्याच्या बंदरावर कप्तान."

दोन-चार पोरं फिसकन हसली. गुरूंनी मात्र डोळे मिटले होते. अक्षरं आली: पद, कप्तान. ठिकाण, अकोला बंदर. हिरवी खूण आली. शंख वाजला. निम्मी खोली सवयीनं वाकलीसुद्धा!

"उठा आता," शकुनबाई म्हणाल्या आणि वायरीचं टोक वर धरलं. "नेट माह्या हातात हाय. मंग अर्ज गेला कोठून? अन् अकोल्यात समुद्र कवा आला?"

गादीमागच्या पडद्याआडून खटखट येत होती, ती ऐकून प्राजक्तानं तेवढ्यात तो पडदा ओढला. तिथं गुरूंचा मेव्हणा मांडीवर बिनवायरचा कीबोर्ड घेऊन बसला होता, शेजारी उमेदवारांच्या कागदांचा ढीग. चमत्कार तो हा. कागदावरून किंवा ऐकून मेव्हणा टाइप करी, अक्षरं बाहेर कॉम्प्युटरवर उमटत. अर्जाचं पान घरीच बनवलेलं, हिरवी खूण आणि शंख एकाच बटणाला बांधलेले. एकही अर्ज त्या खोलीच्या बाहेर गेला नव्हता.

"पण नोकऱ्या लागल्या आहेत!" गुरूंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "हा बघा, नांदगाव पेठच्या गिरणीत!"

"तो आमच्या गावचा व्हय," जिन्यावरून कुणीतरी ओरडलं. "रोज गेटवर जाऊन उभा राहे. सायबानं बोलावून घेतला. तुमचा काय संबंध?"

मेव्हणा जिन्याकडे सरकला तसा सूर्यभान आडवा झाला. "बस खाली. पोलिसाईले येऊ दे." शरमेनं त्याचे कान लाल झाले होते.

प्राजक्तानं हार काढून बाजूला ठेवला, वायर जोडली आणि खरं संकेतस्थळ उघडलं. ते दोनदा अडकलं. फोटो मोठा आहे म्हणून परत आला. मोबाईलवर ओटीपीचा आकडा आला, तो टाकेपर्यंत त्याची वेळ संपली. तिनं पुन्हा मागवला. शंखबिंख काही वाजला नाही. शेवटी एक लांबलचक नंबर आला, आणि तिनं तो बापाला दाखवला. सूर्यभाननं तो नीट वाचला.

"अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणं पाप नाई," शकुनबाई खोलीला म्हणाल्या. "साऱ्याईले कॉम्प्युटर येत नाई. पण नंबर मागा. उघडून पाहा. जो पाहू नको म्हनते, त्याच्याकडं दाखवाले काही नसते. एवढं समजाले डिगरी लागत नाई."

कोपऱ्यात बसलेले जानराव नावाचे एक गृहस्थ तेव्हा पुढे आले. मुलाच्या मुलाखतीचं बोलावणं कधी येणार, हे विचारायला ते दर्यापुराहून आले होते. "आमच्या बंडूचा अर्ज बी इथंच भरला होता, बाई. त्याची तारीख गेली. वय बी गेलं." त्यांनी हातातला नारळ खाली ठेवला. "तो घरी मुलाखतीचा अभ्यास करून राहिला. त्याले काय सांगू?"

शकुनबाईंना खोटा धीर द्यावासा वाटला. पण त्या खोलीत खोटं पुष्कळ झालं होतं.

"खरं सांगा, भाऊ," त्या म्हणाल्या. "आजच सांगा. म्हंजे उद्यापासून तो दुसरं काही पाहीन."