मोहोरबंद खमीर

बापाचा चाळिसावा उरकला, भाड्याच्या देगी घासूनपुसून परत गेल्या आणि जब्बार-वाहिद या दोघा भावांनी वाटणी करायला घेतली. नेरच्या बाजारात त्यांची बेकरी. पाव, टोस्ट, नानखटाई. वाटणी फार समंजसपणे झाली, असं सगळं गाव म्हणे. घराच्या मधोमध भिंत घातली. भट्टी एकच, म्हणून तिची वेळ वाटली : सकाळ थोरल्या जब्बारची, संध्याकाळ वाहिदची. आई बिस्मिल्लाबी एकच, म्हणून तिचे महिने वाटले. फेब्रुवारी कोणाकडे यावर तेवढी बोलाचाली झाली. तो महिना आखूड, म्हणून दोघांनाही हवा होता.

अडलं ते खमिरावर.

खमीर म्हणजे चिनीमातीच्या बरणीतलं आंबवण. पाव मळताना त्यातलं थोडं पिठात घालायचं, उरलेल्याला मैदा-पाणी चारायचं, की दुसऱ्या दिवशी बरणी पुन्हा तोंडापर्यंत भरलेली. बिस्मिल्लाबी सून होऊन आली तेव्हा सासूने ते तिच्या स्वाधीन केलं होतं. दुकानाच्या पाटीवर बापाने ‘असली खमीरवाले’ असं लाल रंगात लिहून घेतलं होतं आणि दारव्ह्याकडून येणारे लोक बस थांबवून पाव नेत.

आता खरं तर खमिराइतकी सोपी वाटणी जगात नाही. अर्धं अर्धं करा, दोघांनी चारा, सकाळी दोघांकडे पुरं. बिस्मिल्लाबीने तेच सांगितलं. पण वाहिदचा सवाल वेगळा होता.

“अर्धं केलं तं असल कोनतं?”

“बरनीत राहीन ते,” जब्बार म्हणाला.

“आन् बरनी कोनाची?”

“मोठ्याची.”

“म्हंजे मी शाखा?”

“शाखा तं शाखा. शाखेलेही पावच येते, भजे नाई येत.”

वाहिद हसला नाही. जन्मापासून गावात त्याला कोणी वाहिद म्हणून हाक मारली नव्हती. ‘जब्बारचा भाऊ’ हेच त्याचं नाव. लग्नात काजीनेसुद्धा आधी तेच विचारलं होतं. पाटीवरचं ‘असली’ एकदा आपल्या नावापुढे लागलं की मग जब्बारला लोक ‘वाहिदचा भाऊ’ म्हणतील, एवढंच त्याला आयुष्यात पाहायचं होतं. त्यासाठी ती बरणी हवी होती, आणि बरणीतलं जिवंत हवं होतं.

शेवटी पंच म्हणून यज्ञेश्वरराव आले. कोर्टातून नाजर म्हणून निवृत्त झालेले. जप्तीचा माल सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती. एकदा त्यांनी जप्तीची म्हैस दोन वर्षं सांभाळली आणि म्हशीला जसं आणलं तसंच परत केलं, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी बरणी फिरवून फिरवून पाहिली, वास घेतला, नाक पुसलं.

“वादग्रस्त मालमत्ता. निकाल लागेपर्यंत जैसे थे.” त्यांनी बरणीच्या तोंडावर कापड बांधलं, लाख वितळवली आणि चारी बाजूंनी मोहोर लावली.

“नाजरसाहेब,” बिस्मिल्लाबी दाराआडून म्हणाली, “उसको शाम को मैदा लागते.”

“कोणाचा मैदा?” यज्ञेश्वररावांनी विचारलं.

“माहा घ्या,” जब्बार म्हणाला.

“तुहा मैदा पडला का तुहाच हक्क तयार होते,” वाहिद ताडकन बोलला. “माहा टाका.”

“पाहिलंत? मैदा घातला की मालमत्ता बदलते, आणि बदललेल्या मालमत्तेवर नवा दावा उभा राहतो. जैसे थे म्हणजे जैसे थे.”

“पर वो भूका मरेगा ना, साहेब.”

“बाई, तुम्ही या वादात पक्षकार नाही.”

बिस्मिल्लाबीने ते ऐकलं आणि आत जाऊन पांघरूण घेऊन पडली. तो महिना कोणाचा होता हे दोघांपैकी कोणालाच त्या वेळी आठवलं नाही, म्हणून रात्री तिला जेवायला कोणी विचारलं नाही.

होळी होऊन गेली होती. बरणी यज्ञेश्वररावांच्या घरी गेली. मुसलमानाच्या बेकरीतलं आंबलेलं म्हणून त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाईंनी ती देवघराच्या आसपास येऊ दिली नाही; गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागे ठेवली. दोनच दिवसांत खमीर फुगलं आणि मोहोर एका बाजूने उचकटली. यज्ञेश्वररावांनी दोघा भावांना बोलावून गंभीरपणे सांगितलं की मोहोर तोडण्याचा प्रयत्न झाला आहे आणि तो आतून झाला आहे. मग त्यांनी आणखी लाख ओतली आणि वर पाटा ठेवला.

खमीर नाही म्हणून भट्टी बंद. जब्बारही थांबला, वाहिदही थांबला. जो आधी वाकेल तो शाखा.

चैत्रात यज्ञेश्वररावांचा मुलगा श्रीकृष्ण पाडव्याच्या सुट्टीत घरी आला. यवतमाळच्या कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा. लहानपणी वाहिदबरोबर त्याने बोरं चोरली होती. वाहिदने त्याला स्टँडवरच्या हॉटेलात गाठलं आणि चहा मागवला.

“किसन्या, एक सांग. उपाशी खमीर किती दिवस जगते?”

“बरेच दिवस जगते बे. ते सोतालेच खाते.”

“सोताले? म्हंजे कसं?”

श्रीकृष्णला हा विषय फार आवडायचा आणि वर्गात कोणी ऐकत नसे. तो पुढे सरकला. “खमिरात बारीक बारीक जीव असतात, यीस्ट. एकेक जीव म्हंजे एकच पेशी. त्या पेशीत एक पिशवी असते. पुस्तकात तिले रिक्तिका म्हणतात, पण रिकामी नाई लेका, आत पचवायचा रस भरला असते. बाहेरून खायले बंद झालं का पेशी घरातलंच सामान त्या पिशवीत टाकते. प्रोटीन असतात ना, त्याचे तुकडे करते. भिंत पाडून विटा सुट्या करतात तसे. आन् त्याच विटांनं जे लागते ते पुन्ना बांधते.”

“कोनतं सामान टाकते पह्यले?”

“मोडकं, जुनं. ज्याचं काम नाई ते. झाडाचं बी असंच हाय. तूर पाह्य. शेंगा भरतात तवा खालची पानं पिवळी पडतात, काहून? त्या पानातलं प्रोटीन मोडून झाड वर दाण्यात नेते. पान काही आजारानं मरत नाई. त्याले झाड रिकामं करते.”

“म्हंजे आपलं खमीर जितं हाय.”

“असन. पण ह्याले हद्द हाय, वाहिद. मोडकं संपलं का चांगलं मोडाले लागते, आन् मंग ते पिशवीच फुटते...”

वाहिद तोवर उठून उभा राहिला होता. जितं आहे एवढं त्याला पुरलं. चहा अर्धा टाकून तो बाजारभर सांगत सुटला की शास्त्रात लिहिलेलं आहे, खमिराला कोणाच्या मैद्याची गरज नाही. संध्याकाळपर्यंत ती बातमी भिंतीपलीकडे गेली. जब्बारलाही फार हायसं वाटलं. दोघांनीही आणखी ताणून धरायचं ठरवलं.

ताणता ताणता उन्हाळा वर आला. दुकान बंद, तरी चूल तर पेटवायची. वाहिदने आधी बेकरीतल्या मोडक्या फळ्या फोडल्या. मग ज्यांचं आता काम नव्हतं त्या पाव ठेवायच्या लाकडी घोड्या. पलीकडूनही कुऱ्हाडीचा आवाज यायचा. जब्बार त्याच्या वाट्याच्या घोड्या फोडत होता. घोड्या संपल्यावर चांगलं शिसवी कपाट गेलं.

“आता काय फोडता? दार?” वाहिदची बायको जुबैदा चुलीपुढून म्हणाली.

“दार कायले? अजून पलंग हाय.”

“पलंगावर अम्मा झोपली हाय.”

वाहिदने कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

“जा ना, अर्धं घेऊन या,” जुबैदा म्हणाली. “अर्धं घेतलं आन् पुरं झालं, अशी या घरात तेवढीच एक चीज हाय. बाकी सारं अर्धं केलं का अर्धंच राह्यते.”

“मंग म्या इतके दिवस कायले काढले?”

“तेच मी इचारून राह्यली.”

त्या उन्हाळ्यात बिस्मिल्लाबी वाळत चालली. कोणत्याही घरात ती पोटभर जेवत नसे. पोरं उपाशी दिसत, म्हणून भाकरीतला तुकडा नातवंडांच्या ताटलीत सरकवायची. वाहिदला ते दिसायचं. आपला महिना संपत आलाय, पुढे जब्बार बघेल, असं तो मनाशी म्हणायचा. बहुधा जब्बारही त्याच्या महिन्यात तेच म्हणत असावा. एका सकाळी तिची भाची रौशन ढाणकीहून आली, मावशीला पाहिलं, दोघा भावांशी एक अक्षर न बोलता तिची बोचकी उचलली आणि तिला बसमध्ये बसवून घेऊन गेली. बिस्मिल्लाबीने खिडकीतून हातही केला नाही. दोन्ही दारांत दोघे उभे होते. तिने एकाला हात केला असता तर दुसऱ्याने दावा लावला असता.

आई गेली त्या आठवड्यात जब्बार स्वतः यज्ञेश्वररावांकडे गेला आणि म्हणाला, खोला. वाहिदला निरोप आला. तो जिंकला होता. मोठा आधी वाकला होता. जाताना त्याने स्वच्छ सदरा घातला.

गोठ्यात पाटा उचलला, लाख फोडली. चारी मोहोरा शाबूत आहेत हे यज्ञेश्वररावांनी दोघांकडून वदवून घेतलं. मग कापड काढलं.

बरणीत तळाला करडा गाळ होता आणि वर तपकिरी पाणी. आंबूस वास नव्हता. मटणाच्या रश्श्यासारखा, सुतारी सरसासारखा काहीतरी वास होता. वाहिदने कान लावला. ताजं खमीर बारीक बारीक बोलतं. हे काहीच बोलत नव्हतं. त्याने बोट बुडवलं. बोटाला चिकटलंही नाही.

“किसन्या!” त्याने हाक मारली. श्रीकृष्ण उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेलाच होता. त्याने वाकून पाहिलं.

“संपलं,” तो म्हणाला. “सारं सोतालेच पचवून टाकलं. विटा हायत आता, बांधनारं कोनी नाई.”

“तू तं म्हनलं होतं जगते!”

“हद्द हाय म्हनलो होतो. तू उठून गेलता.”

यज्ञेश्वररावांनी घसा खाकरला. “मालमत्ता ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत समसमान वाटण्यात येत आहे.” त्यांनी दोन बाटल्या मागवल्या, एकीत दुसरीपेक्षा बोटभर जास्त पडलं तेव्हा चमच्याने सारखं केलं आणि असल कोणतं हा मुद्दा निकाली निघाला असं जाहीर केलं. दोन्ही असल होते.

वाहिदने घरी येऊन बाटलीत मैदा घातला आणि वाट पाहिली. भिंतीपलीकडे जब्बारनेही घातला असावा, कारण दोन्हीकडे दोन दिवस कोणी मोठ्याने बोललं नाही. बाटलीत एक बुडबुडाही आला नाही.

स्टँडावर तोवर कारंज्याच्या गुलाम नबीने नवी बेकरी थाटली होती. त्याच्याकडे अमरावतीहून डब्यातलं यीस्ट यायचं. त्याला मळणारे हात हवे होते. वाहिद पोचला तेव्हा जब्बार आधीच काठवटीशी बसला होता.

“दोघंबी राहा,” गुलाम नबी म्हणाला. “एका घाण्याले चार हात लागतात. आन् ऐकलं का, ते तुमचं मेलेलं पानी टाकू नका. नाजराचा मास्तर पोरगा सांगून राह्यला होता का जित्या खमिराले मेल्या खमिराइतकं चांगलं खाद्य नाई. हायती बाटल्या?”

दोघांनी बाटल्या आणून दिल्या. गुलाम नबीने दोन्ही एकदम काठवटीत रिकाम्या केल्या. पीठ तासाभरात असं वर आलं की काठवटीच्या काठावरून सांडायला लागलं.

संध्याकाळी दारव्ह्याच्या बसमधून एक म्हातारा उतरला. पाव तोडून तोंडात टाकला, चावला, आणि डोळे मिटून म्हणाला, “वा नबीभाई. तशीच चव. बाजारात एक असली खमीरवाला होता, त्याच्याच सारखी.”

“दुवा हाय तुमची,” गुलाम नबी म्हणाला.

वाहिद मान खाली घालून दुसरा घाणा मळत राहिला. समोरच्या दोन हातांवर पीठ कोपरापर्यंत चढलं होतं. होळीपासून पहिल्यांदा जब्बार त्याच्याशी बोलला.

“हात सरकव. जागा दे.”

वाहिदने हात सरकवला.