बाविसावी ओळ

सहाच. अनुपमाने क्रोशाच्या सुईच्या टोकाने पुन्हा मोजलं... चार, पाच, सहा. नक्षीतल्या प्रत्येक पंख्यात सात उभे टाके, सात खांब हवेत, शेजारच्या पंख्यात सात आहेत, त्याच्या पलीकडे सात, सगळीकडे सात. आणि ह्या एकाच ठिकाणी सहा, म्हणून जाळीचं भोक जरा मोठं, अर्धवट तोंड उघडं राहिल्यासारखं. मुगाच्या वरणाच्या रंगाचं ते दुपटं काउंटरवर पसरलं होतं, रिपोर्टांच्या ट्रेला खेटून. अकराची वेळ. उपाशीपोटी रक्त द्यायला येणारे साडेनऊला संपतात आणि जेवून येणारे एकच्या आधी उगवत नाहीत. मुलुंड पूर्वेच्या ह्या लॅबमधला तेवढा वेळ तिचा असतो, आणि गेले तीन महिने तो ह्या दुपट्यात चालला होता. अठ्ठावन्न ओळी झाल्या होत्या. सहा ओळी आणि कड, की संपलं.

चूक मात्र खाली होती. बाविसाव्या ओळीत.

कोणाला दिसणार आहे? शाळेत विणकाम शिकवणाऱ्या प्रेमाबाई म्हणायच्या, चूक विणणारीला दिसते, पांघरणाऱ्याला नाही — आणि असं म्हणून मागच्या बाजूने एक खोटा खांब इतक्या सफाईने घालून द्यायच्या की आपलीच चूक आपल्याला सापडू नये. अनुपमालाही ते येतं. पाच मिनिटांचं काम. रविवारी दुपटं द्यायचं, आज गुरुवार, शहाण्या बाईने खोटा खांब घालावा आणि पुढे जावं.

रविवारी दिशाचं डोहाळजेवण. दिशा तिची धाकटी जाऊ, नवऱ्याच्या, राजेशच्या, धाकट्या भावाची — किरणची — बायको, घाटकोपरला राहते. दुपटं तिनेच मागितलं होतं, तिसऱ्या महिन्यात, फोनवर आणि अगदी हक्काने — वहिनी, मला दुकानातलं नको, तुमच्या हातचं हवं, आणि ते ओटीत घालायचं माझ्या, तुम्हीच. त्या दिवशी अनुपमा तडक स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन लोकर घेऊन आली होती, दुसरा रंग दाखवा असंसुद्धा म्हणाली नव्हती. आणि आज सकाळी, डबा भरता भरता, सासूबाई... एरवी त्या टीव्हीवरचं मराठी बोलतात, अवघड काही सांगायचं असलं की त्यांना मालवणी फुटतं. "तां दुपटां बारश्याक दी गो. पोर येवंदे आधी." मग डब्याचं झाकण दाबत, तिच्याकडे न बघता, "आणि रविवारी तू जेवणाचां बघ. ओटी भरूक लेकुरवाळ्यो असतत." त्यात दुष्टावा नव्हता. दुष्टावा असता तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. हे नुसतं सांगणं होतं, दूध उतू जाईल गॅस बारीक कर असं सांगावं तसं.

चार वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात अनुपमाचं बाळ गेलं. त्यानंतर घरात त्यावर एक अक्षर बोललं गेलं नाही. राजेश दर वर्षी त्या तारखेला रजा टाकतो आणि माळा आवरतो — का, ते तिने विचारलेलं नाही आणि त्यानेही सांगितलेलं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात; इथे तिघांचं जळत होतं आणि तिघंही एकमेकांना चहाला साखर किती एवढंच विचारत होते.

म्हणून दुपटं रविवारीच. ओटीतच. बारश्याला नाही, मागच्या खुर्चीवरून नाही, कोणाच्या तरी हातून पाठवून नाही. हे सकाळी स्टेशनच्या पुलावरच ठरलं होतं आणि ठरवल्यावर तिला बरं वाटलं होतं. आता ह्या सहा खांबांनी...

लॅबच्या कॅलेंडरवर ती रोज झालेल्या ओळीचा आकडा पेन्सिलीने लिहायची. तिने पानं मागे उलटली. बावीस. तो दिवस. न बघताही तिला माहीत होतं, खरं सांगायचं तर भोक दिसल्याबरोबर माहीत होतं. त्या दिवशी दिशाची पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होती आणि बरोब्बर ह्याच वेळी मेसेज आला होता, सगळं नॉर्मल, सोबत तो काळापांढरा फोटो आणि सात-आठ लाल बदाम. अनुपमाने "देवाची कृपा" असं लिहून पाठवलं, फोन पालथा ठेवला, सुई उचलली... आणि विणताना, तिसऱ्या की चौथ्या पंख्यात, मनात आलं — हिलाही कळू दे.

एवढंच. अर्धा सेकंद. पुढचं वाक्य आलं नाही, मी येऊ दिलं नाही. पण आलं ते आलंच. मी वाईट बाई नाही, निदान तोवर माझा तसा समज होता. मी दिशाला डिंकाचे लाडू करून पाठवले आहेत, मी तिच्या रक्ताचे रिपोर्ट रांग मोडून काढून दिले आहेत, आणि मीच त्या तीन शब्दांची धनीण आहे.

"मॅडम, माझा रिपोर्ट?" समोर एक तरुण बाई उभी होती. अनुपमाने पाकीट दिलं, बाईने तिथेच फोडलं, वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. अशा वेळी चेहरा सपाट ठेवायचा, समोरच्या बाईला आनंद आहे की घोर ते आपल्याला ठाऊक नसतं. अनुपमाला हे उत्तम जमतं. बाई गेली. सपाट चेहरा मात्र बराच वेळ तसाच राहिला.

खुळेपणा आहे, हे तिला कळत होतं. रक्तात साखर किती ते सांगता येतं. लोकरीत मत्सर किती ते सांगणारं मशीन अजून आलेलं नाही. पण एका तान्ह्या जिवाच्या अंगावर ती ओळ मी घालणार नाही. बस. उसवायचं. अठ्ठावन्नपासून बावीसपर्यंत, सगळं. एक ओळ बारा मिनिटांची, म्हणजे साताठ तासांचं काम पुन्हा, वर उरलेल्या ओळी, वर कड... होतंय. आज, उद्या, परवा. झोप जरा कमी.

घरी आल्यावर कपडे न बदलताच ती पलंगावर खिडकीशी बसली आणि धागा ओढला. टर्र, टर्र, ओळ सुटत गेली. दोन महिन्यांचं काम किती आज्ञाधारकपणे मोडतं! लोकर शेवयांसारखी नागमोडी होऊन मांडीवर साठत होती. पन्नास. शेहेचाळीस. तिला वाटलं होतं रडू येईल, पण हात नुसते चालले होते आणि त्या चालण्यात एक प्रकारची मजाही होती. अडतिसाव्या ओळीला फोन वाजला. दिशा.

"वहिनी, एक विचारू? चिडणार नाही ना?"

"विचार गं."

"तुमच्या वेळी ना... आधी काही कळलं होतं का? म्हणजे दुखत वगैरे? मी रोज घाबरते यार. कोणाला विचारलं की म्हणतात, असलं बोलू नये. किरणपण गप्प करतो. आता तुम्हीच..."

चार वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. फोन कान आणि खांद्यामध्ये धरून अनुपमा बोलू लागली तेव्हा तिला आपला लॅबमधला आवाज ऐकू आला, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. आधी थोडं पाणी गेलं, मला वाटलं काही नसेल, मी दोन दिवस थांबले. तू थांबायचं नाहीस, कळलं? काहीही वेगळं वाटलं तर तासाभरात डॉक्टर, आणि लगेच मला फोन. मग तो दवाखाना, ती पांढऱ्या कपड्यांतली नर्स, सलाईन, सगळंच. धागा ओढायचा आणि सांगायचं, सांगायचं आणि ओढायचा.

"काय होतं? मुलगा की...?"

"मुलगी. मला दाखवली नाही. आईने बघू नये म्हणाले, पुढच्या खेपेला त्रास होतो."

पलीकडे दिशा रडत होती, पण हलकी झाल्यासारखी. मग नाक ओढून म्हणाली, "रविवारी ओटी पहिली तुम्ही भरायची हं. आईंना मी सांगते."

"तू नको. मी सांगेन."

फोन ठेवून तिने मांडीकडे पाहिलं आणि उरलेल्या ओळी मोजल्या. अठरा. बाविसावी ओळ बोलता बोलता केव्हाच सुटून गेली होती, तिला पत्ताही लागला नव्हता; आणि सगळं सांगितलं तरी ते तीन शब्द काही दिशाला सांगितले नव्हते. ते लोकरीत नव्हतेच. ते माझे होते, माझ्याकडेच राहणार होते. दिशाचं बाळ सुखरूप यावं असं तिला आत्ता फार वाटत होतं, आणि ते तीन शब्दही खरे होते. दोन्ही एकाच बाईचं.

सासूबाई चहा घेऊन आल्या. पलंगावरचा ढीग बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "बरां केलंस गो. कशाक उगीच..."

"सोडलं नाही, आई. परत विणतेय. चहा ठेवा आणि हात पुढे करा."

"हात?"

"लोकर गुंडाळायचीय. लडी करून जरा भिजवली की सरळ होईल, नाहीतर टाके वाकडे येतात."

सवय असल्यासारखे त्यांनी पलंगाच्या काठावर बसून दोन्ही हात समोर धरले, पंजे एकमेकांकडे. अनुपमा त्यांच्या हातांभोवती लोकर फिरवू लागली. एक फेरा, दहा, वीस... आता त्यांना उठता येणार नव्हतं, आणि तिला कळलं की आपण नेमकी हीच वेळ गाठली आहे.

"रविवारी ओटी मी भरणार, आई. पहिली मी. दुपटं ओटीत जाणार."

अनुपमाने आणखी एक फेरा घातला.

"आणि मला पोर झालं नाही असं नाही. मुलगी झाली होती मला."

हे वाक्य तिने चार वर्षं धार लावून ठेवलं होतं. सासूबाईंचे हात किंचित खाली आले, पुन्हा वर झाले. खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

"म्हायत आसा माका," त्या शेवटी म्हणाल्या. "तुका नाय दाखवल्यानी. मिया बघितलंय तिका. माझ्याच हातात दिलेली." आणि मग, लोकरीकडे बघत, "नाक तुझ्यासारखां होतां."

धागा हातात तसाच थांबला. राग आला, इतका की कानशिलं तापली — चार वर्षं हे ह्या घरात होतं, ह्या बाईजवळ, चहाच्या कपांमधून फिरत होतं, आणि मला कोणी... पण तो राग पुरता वर यायच्या आत त्याला ढकलून दुसरंच काहीतरी पुढे आलं, भुकेसारखं, लाज नसलेलं. रविवारचं काहीच ठरलं नव्हतं. त्या हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या, आणि ह्या घटकेला तिला ते विचारायचंही नव्हतं. तिने पुढचा फेरा घातला, हळू, लोकर लवकर संपू नये म्हणून.

"आणि केस?" तिने विचारलं.