आधी कुठं भेटतात ते सांग

बुद्धपौर्णिमेला नऊ दिवस राहिले असताना विमलाबाई न्हाणीत घसरल्या आणि त्यांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर चढलं. सिडकोतल्या त्या छोट्या बुद्धविहारातला भोजनदानाचा स्वयंपाक गेली एकतीस वर्षं त्यांच्या देखरेखीखाली होत होता. चारशे माणसांची पंगत, पण तिच्याआधी दोन भन्तेजींचं जेवण, आणि तेही दुपारी बाराच्या आत. बारा वाजून गेले की भिक्खू अन्नाला शिवत नाहीत, दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत तसेच राहतात. एकतीस वर्षांत अशी वेळ विमलाबाईंनी एकदाही येऊ दिली नव्हती.

कमिटीचे सचिव सावळीराम कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. ते म्हणाले, "यंदा केटररला देऊन टाकू. मग दरवर्षीच त्याला देऊ. बायकांनाही आराम."

आराम हा शब्द ऐकून विमलाबाई गप्प बसल्या. आयुष्यात कधी गप्प न बसलेली बाई गप्प बसली, हे त्यांच्या भाचीला, छायाला पाहवलं नाही.

"आत्या सांगेल, मी लिहून घेईन," छाया म्हणाली. "काका, भन्तेजींच्या ताटाला बारा वाजले तर पुढच्या वर्षीपासून तुमचा केटरर. बस?"

छाया इंजिनिअरिंग कॉलेजात डिस्क्रीट मॅथ्स शिकवायची. कुठल्या गोष्टीचा कुठल्या गोष्टीशी काय संबंध, कोण कोणाच्या आधी आणि कोणाचं कोणाशी काहीच देणंघेणं नाही, याचं ते शास्त्र. आपल्याला हे चारशे माणसांचं जेवण म्हणजे किस झाड की पत्ती, असं तिला वाटलं तर तिचा फार दोष नाही. दोन संध्याकाळी बसून तिनं आत्याकडून एकूण एक काम लिहून घेतलं. एकेचाळीस कामं निघाली. ज्याला जे आधी लागतं ते त्याच्या वर, असं करत तिनं त्यांची एक ते एकेचाळीस रांग लावली, कागद प्लास्टिकात घालून आणला आणि विहारामागच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. बायकांना बजावलं, "क्रम सोडायचा नाही. एक झालं की खूण करायची, मगच पुढचं." आत्याला तिनं घरीच झोपून राहायला सांगितलं.

पौर्णिमेच्या सकाळी सातला चौदा बायका पदर खोचून हजर झाल्या. पहिली तीन कामं झाली. चौथं होतं दूध तापायला ठेवणं. दूध पंचवटीहून बंटीच्या रिक्षातून येणार होतं, आणि बंटी द्वारका चौकात अडकला होता.

"मॅडम, ट्रेलर आडवा झालाय," तो फोनवर म्हणाला. "मुंगी शिरायला जागा नाय."

छाया फाटकाशी रस्त्याकडे डोळे लावून उभी राहिली. तासाभरानं आत आली तर चौदाही बायका पाय पसरून गप्पा मारत बसलेल्या. एकीला तर चांगली डुलकी लागली होती.

"सुलाबाई, बटाटे अजून तसेच?"

"बटाटा अकरा नंबरला हाय मॅडम," सुलाबाई नम्रपणे म्हणाल्या. "हितं चारच नाय झाला."

सुलाबाईंना काही कळत नव्हतं असं नाही. वीस वर्षं त्या या स्वयंपाकाच्या फोडणीला उभ्या होत्या. पण शिकलेल्या बाईनं प्लास्टिकात घालून दिलेल्या कागदाच्या वाटेला जायचं कोणी? घड्याळात पावणेनऊ झाले होते. सावळीराम खिशातून केटररचं कार्ड काढून ते उगाच उलटसुलट करत होते. स्वतःच्या फजितीचं छायाला फारसं वाटलं नाही. घरी पडलेल्या आत्याची एकतीस वर्षं आपण एका कागदापायी घालवली, हे मात्र तिला सहन होईना.

पण आत्या घरी पडलेली नव्हतीच. प्लास्टरचा हात ओढणीच्या झोळीत अडकवून ती दारात उभी होती. आत आली, भिंतीपाशी गेली आणि सातवी पास बाईच्या सावकाशीनं अख्खा कागद वाचला.

"लिहिलंयस ते सगळं खरं हाय," ती म्हणाली. "एक काम राहिलं नाय. पण ह्यांना एकामागं एक उभं कोणी केलं? रेशनची रांग हाय का ही?"

छाया कागदावरचे आकडे पुन्हा वाचू लागली.

"सुला, झाकणं आण. हायेत तेवढी सगळी."

विमलाबाई फरशीवर बसल्या आणि डाव्या हातानं झाकणं मांडू लागल्या. सगळ्यात खालच्या ओळीत पाच मोठी झाकणं. "हा बटाटा, ही डाळ, हा खिरीचा तांदूळ, ही कणीक, हे वेलदोडे. ही कोणाची वाट बघत नायत. आत्ता लागा कामाला." चौदातल्या दहा जणी लगेच उठल्या. त्या ओळीच्या वर दुसरी झाकणं बसली, त्यांच्याही वर तिसरी, आणि कोणाला कोणाची वाट बघायची आहे तेवढ्यापुरतंच त्यांच्यामध्ये एकेक उलथनं, डाव, झारा आडवा पडत गेला. सगळ्यात वर एकच ताट.

"बटाटा ताटाला नाही जोडलास?" छायानं विचारलं.

"बटाटा फोडणीला जोडला, फोडणी ताटाला. मधनं जातंच की ते. फुकट झारा कशाला अडकवू?"

छाया झाकणांपाशी उकिडवी बसली. पार्शियल ऑर्डर, म्हणजे काहींनाच पुढेमागे असणारा क्रम, शिकवताना ती दरवर्षी फळ्यावर ठिपके आणि रेघा काढायची, आणि मधल्या ठिपक्यातून आधीच पोचता येतं तिथं वेगळी रेघ काढू नका म्हणून पोरांना ओरडायची. ती आकृती इथं फरशीवर मांडलेली होती. तिनं स्वतः काय केलं होतं? ज्यांचा एकमेकांशी संबंधच नाही अशा कामांनाही पुढेमागे उभं केलं होतं. तसं चालतं म्हणून पुस्तकात आहे, आणि ते खरंही आहे, पण ते हातांच्या एकाच जोडीसाठी. इथं अठ्ठावीस हात होते.

"आता सांग," विमलाबाई म्हणाल्या. "पुरी आणि खीर कुठं भेटतात?"

"ताटात."

"बरोबर. म्हणून त्यांची एकमेकींत लुडबुड नको. बटाटा आणि डाळ?"

"ताटात."

"ताटात तर सगळंच भेटतं गं. सगळ्यात आधी कुठं भेटतात ते सांग."

छायानं झाकणांवरून बोट वर वर नेलं. एक बोट बटाट्यापासून, एक डाळीपासून. "फोडणीला. मोठी कढई एकच आहे."

"तिथं सुला उभी राहते. जिथं दोन कामं पहिल्यांदा भेटतात तिथं शहाणं माणूस ठेवायचं. बाकी ठिकाणी तुझ्यासारखंबी चालतं."

बायका खदखदून हसल्या, आणि छायाही हसली. खरं तर तिला रडू येत होतं. कोणतीही दोन टोकं घ्या, त्यांची सगळ्यात आधी भेटण्याची जागा ठरलेली असते, अशा मांडणीला तिच्या विषयात सेमीलॅटिस म्हणतात. तो शब्द समजावायला तिला चार तास लागायचे आणि तरी मागचा बाक जांभया द्यायचा. आत्यानं झाकणं आणि झाऱ्यांवर तो दहा मिनिटांत उभा केला होता. आपल्या आत्याचा तिला इतका अभिमान यापूर्वी कधी वाटला नव्हता, आणि आपण तिला झोपून राहायला सांगितलं याची तेवढीच लाजही वाटली.

दूध आलं तेव्हा दहाला वीस मिनिटं होती. तोवर डाळ शिजली होती, बटाटे सोलून झाले होते, पुऱ्यांचे गोळे ओल्या फडक्याखाली तयार होते आणि खिरीचा तांदूळ मऊ होऊन बसला होता. रिकाम्या झालेल्या तिन्ही भट्ट्यांवर दूध वाटून चढवलं. दानाचं अन्न कोणी चाखायचं नाही हा विमलाबाईंचा नियम, म्हणून त्या टोपावर वाकून नुसता वास घ्यायच्या आणि साखर किती ते बोटांवर सांगायच्या. विहारात वंदना संपली, आणि अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी भन्तेजींची ताटं मांडली गेली.

सावळीरामांनी घड्याळ पाहिलं, मग ते कार्ड फाडलं. "पुढच्या वर्षीचं सामान किती लागेल तेवढं आधी सांगा, विमलाबाई," ते म्हणाले. माणूस कचेरीतला, माफी अशीच मागणार.

चारशे माणसं जेवून गेली. मग स्वयंपाकघरात दरवर्षीचा घोळ सुरू झाला.

"बसा गं आता," विमलाबाई म्हणाल्या. "तुमचं झालं की मी बसते."

"तू बसल्याबिगर आमी नाय बसणार," सुलाबाई म्हणाल्या.

"माझी काय घाई हाय."

"दरसाल हिचंच खरं होतं," सुलाबाई छायाकडे वळल्या. "आमी जेवतो, ही भांडी मोजते, आणि हिच्यापर्यंत खीर उरतच नाय. एकतीस वर्षांत ह्या बाईनं सोताची खीर खाल्ली नाय, मॅडम."

छायानं आत्याकडे पाहिलं. आत्या फरशीवरची झाकणं गोळा करायला लागली होती.

"आत्या, थांब. तू यांच्यानंतर, या तुझ्यानंतर. तुझ्या झाकणांत असं कुठं होतं का?"

"असं झालं तर चूलच नाय पेटायची."

"मग दोन झाकणं अशी एकमेकांची वाट बघत बसली तर ती दोन नसतातच. ते एकच काम असतं. एकत्र करायचं."

विमलाबाईंनी हातातलं झाकण खाली ठेवलं. त्यांना त्यात खोट सापडली नाही.

सोळा पानं एका ओळीत मांडली गेली. विमलाबाईंना मधे बसवलं, आणि उजवा हात प्लास्टरमध्ये म्हणून डाव्या हातात चमचा दिला. सुलाबाईंनी खीर आधी त्यांच्याच वाटीत वाढली आणि मग ओळीतलं कोणीच आपल्या पानाकडे बघेना. विमलाबाईंनी एक चमचा तोंडात घातला. बराच वेळ घोळवला.

"बरी होते की माझी खीर," त्या म्हणाल्या, आणि वाटी पुढे केली.