लोटे गाईचा उपास

जर्मनीतल्या कोलोनच्या मराठी मंडळात बहुतेक सगळे सॉफ्टवेअरवाले. गवतवाले एकटे शशिधर. कझाकस्तानच्या माळरानावरचं, गव्हाच्या कुळातलं एक रानटी गवत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं सांभाळलं होतं. थंडीत मरत नाही, पावसाने पाठ फिरवली तरी हटत नाही, आणि गुरांना म्हणजे पक्वान्नच, हे ते बारशात सांगत, लग्नात सांगत. एकदा अंत्यविधीहून परतताना ट्राममध्येही सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांची वाण नव्हती, कारण शशिधर दार अडवून बोलत. वाण होती पेरणाऱ्याची. त्यांच्या संशोधन संस्थेच्या वाफ्याबाहेर एकाही शेतकऱ्याने ते आजवर लावलं नव्हतं, आणि निवृत्ती तर दाराशी आलेली.

हॉल मिळत नाही म्हणून मंडळाची दिवाळी गुढीपाडव्यालाच ठरते. यंदा वसुबारसेला खरीखुरी गाय आणि वासरू पुजायचं ठरलं. गावाबाहेरचे शेतकरी हेर श्मिट्स, म्हणजे श्मिट्ससाहेब, यांनी आपला गोठा देऊ केला, पण अट घातली की गाईच्या तोंडाशी पुरणपोळी, गूळ असलं काही न्यायचं नाही, फक्त चारा. चारा हा शब्द ऐकताच शशिधर खुर्चीतून उठलेच. कोरड्या उन्हाळ्यांनी श्मिट्सचा उतार करपला होता. आमच्या लोटेने तुमचं गवत खाल्लं तर तिथे तेच पेरीन, असं श्मिट्स म्हणाले. शशिधरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता या गवताची एक खोड आहे, आणि ती शशिधरांनीच जगाला सांगितलेली. लोंब्या येण्याआधी कापलं तर ते उत्तम. लोंब्या पिकल्या की नुसत्या काड्या. पण मे महिन्यात ते दिसतं अगदीच सामान्य. मंडळाचा अध्यक्ष उत्कर्ष फोटो काढणार, समारंभाला सगळं मंडळ लोटणार, आणि आपलं गवत कुठल्याही हिरवळीसारखं दिसणार, हे शशिधरांना पटेना. लोंब्या सोनेरी होईस्तोवर त्यांनी विळा लावू दिला नाही. बायकोने, म्हणजे नीलांबरीने, वेळेवर आठवण करून दिली होती.

"अहो, वेळेवर कापा असं तुम्हीच लिहिलंय ना?"

ते लोकांसाठी लिहिलंय, असं म्हणून शशिधरांनी विषय संपवला.

वसुबारसेच्या दिवशी गोठा पैठण्यांनी भरला. शशिधरांनी प्रथिनांपासून सुरुवात केली आणि गवत हे गव्हाचं जवळचं नातलग असल्याचं तीनदा सांगून पेंढी पुढे केली. लोटेने हुंगलं, नाकातून फुस्स केलं आणि तोंड फिरवलं. शशिधर दुसऱ्या बाजूने गेले. तिने पुन्हा तोंड फिरवलं, आणि वासराच्या गळ्यातला झेंडूचा हार चवीने खायला घेतला.

उत्कर्षने मोबाइल खाली केला. कुणी कुणाकडे बघेना. तेवढ्यात मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ कौमुदीकाकू पुढे झाल्या.

"अहो, आज वसुबारस. आज गहू चालत नाही."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. सकाळपासून उपाशी असलेल्या बायकांनी लोटेला हात जोडले. गोमातेने परदेशातही उपास मोडला नाही, असं उत्कर्षने ग्रुपवर टाकलंसुद्धा. गाईच्या पोटाचे चारही कप्पे शशिधरांना तोंडपाठ होते. पंचांगाचा कप्पा त्यांत नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण सुटल्याचा आनंद लाजेहून मोठा निघाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले.

मराठीचं अक्षर न कळणारे श्मिट्स मात्र वासराकडे बघत होते. त्याने खाली पडलेली पेंढी पायाने विस्कटली, दोनदा गोल फिरलं आणि तिच्यावर अंग टाकून डोळे मिटले. श्मिट्सनी काड्या चुरून बघितल्या. मऊ होत्या, कोरड्या होत्या, धूळ नव्हती.

"आल्झो, तर मग, हेर डॉक्टर, उतारावर हेच पेरतो. खायला नाही. गोठ्यात अंथरायला."

शशिधरांनी डोळे पुसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

आता उतारावर ते गवत डोलतं आहे. शशिधर प्रत्येक लग्नात सांगतात की अखेर एका जर्मन शेतकऱ्याने ते पेरलं. कशासाठी, ते सांगत नाहीत. गाईंना आवडतं का, असं कुणी विचारलंच, तर अजून एकीचीही तक्रार नाही म्हणतात. तेव्हा नीलांबरी पानातली जिलबी लक्ष देऊन खात असते.