कडकरावांचा उजवा हात

कडकरावांचा उजवा हात गेला तो दुपारच्या झोपेत. खरं तर कुठं गेला नव्हता. हातावर डोकं ठेवून घोरल्यावर कुणालाही येतात तशा मुंग्या आल्या होत्या, आणि चहा निवायच्या आत त्या उतरल्याही असत्या. पण तेवढ्यात बायकोनं विचारलं, "अहो, कप का धरत नाही?" आणि हे म्हणाले, "हात कुठाय माझा? लाकूड झालंय त्याचं!" लग्नापासून या बाईनं नवऱ्याकडे इस्त्रीच्या वाफेतूनच काय ते पाहिलेलं. तिनं कप उचलला आणि स्वतः त्यांच्या ओठांना लावला.

झालं! त्या एका घोटानं घात केला.

कडकराव हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. गल्लीच्या तोंडाशी नवराबायकोचं इस्त्रीचं दुकान होतं. दोन टेबलं, दोन इस्त्र्या, गिऱ्हाइकांना बसायला एक बाक. स्वतःच्या शर्टाची कॉलर ते अशी कडक करत, की थाप मारताना मान हलायची सोयच राहू नये. थापा मात्र मऊसूत. एकदा म्हणे त्यांनी एका बँडवाल्याची पँट वाजवता वाजवता त्याच्या अंगावरच इस्त्री करून दिली होती, आणि गड्याचा सूर हलला नव्हता. बायको सोडून बाकी सगळे हसायचे. बायको घड्या घालत म्हणायची, "पुरे आता."

थाप ही वाढत्या अंगाची असते. पहिल्या दिवशी नुसती बोटं बधिर होती. मग बधिरपणा मनगटावर आला, कोपर चढला, खांद्याला जाऊन टेकला आणि हात झोळीत गेला. बायको त्यांची बटणं लावू लागली, भांग पाडू लागली, घास भरवू लागली. तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिनं त्यांना. आणि उरलेल्या वेळात दोन्ही टेबलांवरचे कपडे एकटीनं उरकले. कडकराव बाकावर बसून गिऱ्हाइकांना गप्पा पुरवायचे.

संशय आला तो मेहुण्याला. बायकोचा हा धाकटा भाऊ बस चालवायचा. माणसं आरशातून बघायची सवय.

"भाऊजी," तो एकदा म्हणाला, "झोळीतला हात माशी बरी हाकलतो हो!"

कडकरावांनी हात घाईनं झोळीत खोल सारला. आता काहीतरी जंगी करायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी बायको कपडे पोचवायला गेली असताना त्यांनी उजव्या तळहाताला चांगलं जाडजूड बँडेज गुंडाळलं आणि ती आल्यावर सांगितलं, की तापलेली इस्त्री टेबलावरून घसरली, ती आपण नेमकी तळहातावर झेलली, कातडं चर्रर्र वाजलं, गल्लीभर वास सुटला, आणि आपल्याला पत्ता नाही! समोरच्या दुकानदारानं ओरडून सांगितलं तेव्हा कळलं.

"बघू," बायको म्हणाली.

"नको, तुला बघवायचं नाही."

अशी थाप त्यांना पुन्हा साधली नसती. पण ती जरा जास्तच साधली. बायको डोळ्याला पदर लावून खाली बसली. भाजलेलं कळत नाही म्हणजे आता काही खरं नाही, असं म्हणून तिनं भावाला बोलावलं आणि कडकरावांना नसांच्या तपासणीला नेऊन उभं केलं.

खोली लहान होती. एक खाट, एक पडदा, एका गाड्यावर ठेवलेलं मशीन. बायको आणि मेहुणा पडद्याबाहेर बाकावर बसले. डॉक्टरीणबाईंनी झोळी उतरवली, बँडेज सोडलं, इस्त्रीची कथा शेवटपर्यंत ऐकली आणि तळहात दिव्याखाली उलटासुलटा करून पाहिला.

"हं," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी बोटांत तारेच्या अंगठ्या अडकवल्या, मनगटावर चिकटपट्ट्या लावल्या. "आता बारीक झटके देते. बोटातून निघालेला निरोप मनगटापर्यंत किती वेळात पोचतो, ते दिसतं. लागलं की सांगा."

पहिल्या झटक्याला कडकरावांनी जीभ दातांत धरली. दुसऱ्याला पायाची बोटं आवळली. तिसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं, तरी मारलेल्या माशासारखा चेहरा करून म्हणाले, "छे, काही नाही. मुंगीसुद्धा नाही." पण मशीनच्या पडद्यावर एकामागून एक अशा टेकड्या उठत होत्या, एकसारख्या, ठसठशीत. बाईंनी मनगटावर झटका दिला तेव्हा अंगठ्यानं मालकाला न विचारताच टुणकन उडी मारली.

"निरोप तर वेळेवर पोचतोय," बाई म्हणाल्या. "आता स्नायू बघू." त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी बारीक सुई घातली. "आतला आवाज या स्पीकरमधून येतो. अंगठा वर दाबा. जोर लावा."

कडकराव कपाळाला आठ्या घालून, गाल फुगवून, कुंथून कुंथून अजिबात जोर लावत नव्हते. स्पीकर मुका.

"लावा ना जोर."

"जीव काढतोय, बाई!"

आणि तेवढ्यात पडद्याबाहेर धाडकन आवाज झाला. पाण्यानं भरलेली स्टीलची बाटली फरशीवर पडून घरंगळत गेली. कडकराव दचकले, उजव्या हातानं खाटेची दांडी गच्च धरली, आणि स्पीकर असा खडाडला, की जणू पत्र्याच्या छपरावर कुणी पोतंभर वाटाणे ओतले.

"आई गं! सुई, सुई!" कडकराव बोंबलले.

बाहेरून बायकोचा घाबरा आवाज आला, "अहो, काय झालं?"

"काही नाही गं ताई," मेहुणा म्हणाला. "भाऊजींचा हात बोलला."

सुई निघाली. डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पाहत राहिल्या. कडकरावांना कॉलर पहिल्यांदाच टोचायला लागली.

"बाहेर सांगू नका," ते पुटपुटले.

"मी कशाला सांगू? ते तुमचं काम." बाईंनी पडदा सरकवला. "बाटली कुणी पाडली?"

"मी हो," बायको ओशाळून म्हणाली. ती उजवा हात मनगटापासून झटकत होती, थर्मामीटर झटकावा तसा. "हल्ली हातातून पडतात वस्तू. असू दे. यांचं काय निघालं?"

बाई जवळ आल्या. त्या तिच्या हाताकडे बघत होत्या. "रात्री पण झटकावा लागतो?"

"रोजच. उठून बसते थोडा वेळ."

कडकरावांना ते ठाऊक होतं. अंथरुणातली ती फडफड त्यांनी कितीदा ऐकली होती आणि कूस बदलली होती.

"बसा या खाटेवर," बाई म्हणाल्या. तिच्या बोटांत त्याच अंगठ्या गेल्या, तेच मशीन सुरू झालं. बाई बटण दाबत होत्या, आकडा वाढवत होत्या. कडकरावांना तो झटका आता चांगला ओळखीचा होता. प्रत्येक दाबाला त्यांचेच दात एकमेकांवर बसत होते. बायको मात्र बाईंच्या तोंडाकडे शांतपणे बघत बसली होती. मशीनवर टेकडी नव्हती, सपाट माळ होता.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कधी सुरू करणार?"

मेहुण्यानं मान वळवली. धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं लोक म्हणतात. कडकरावांना तेवढीही आशा नव्हती. तिनंसुद्धा घेतलं नसतं.

"मनगटात नस दाबली गेलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगठ्याखालचं मांसही उतरायला लागलंय. किती माणसांचं काम करता?"

"दोघांचं. यांचा हात..."

"यांचा हात उत्तम आहे. तुमचा वाचवायला हवा. मनगटाला पट्टा बांधा, इस्त्री पूर्ण बंद. बहुतेक छोटं ऑपरेशन लागेल."

पण बायकोच्या कानात पहिलंच वाक्य शिरलं होतं. "उत्तम आहे? खरंच? अगंबाई! या झटक्यांनीच मोकळा झाला असेल!" आणि तिनं त्यांचा तो उजवा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते कडकरावांना तिथं कळलं.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही टेबलं त्यांच्याकडे आली. पट्टा बांधलेली बायको बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मशीनची करामत सांगायची. समोरच्या दुकानदाराची सासू गुडघा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, मलाही तो करंट द्या. कडकरावांची कुठलीच थाप इतकी लांब गेली नव्हती, आणि ही त्यांना खोडताही येईना.

प्रयत्न केला त्यांनी. आता घास तेच बायकोला भरवायचे; भरवता भरवता म्हणाले, "माझ्या हाताला काही झालंच नव्हतं गं. सोंग होतं."

ती पोट धरून हसली. उभ्या जन्मात त्यांच्या एका थापेला न हसलेली बाई. "मला वाईट वाटू नये म्हणून काहीही सांगता! पुरे आता."

त्यांनी मेहुण्याला गाठलं. "तू ऐकलंस ना तिथं? मग तू सांग तिला."

"मी नाही सांगत, भाऊजी." त्यानं गणवेशाची पँट टेबलावर टाकली. "तुम्हीच सांगा. पटेपर्यंत सांगा. थापा मारताना कधी दमला नाहीत."

मग ते सांगत राहिले. ती हसत राहिली. जितकी हसे तितकी मायेनं बघे, आणि तितका घास त्यांच्या हातात जड होई.

ऑपरेशनची तारीख ठरली त्या दिवशी जेवताना कडकरावांनी घास ताटात ठेवला, हात धुतला, पुसला आणि उजवा तळहात तिच्यासमोर उघडा धरला.

"त्या दिवशी इस्त्री झेलली म्हणालो होतो. बघ."

तिनं पाहिलं. तो हात रोज समोर होता, पण बघायचा म्हणून तिनं तो पाहिला नव्हता. तिच्या स्वतःच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, इस्त्रीच्या कडेचे तपकिरी डाग होते. नुसतं टेकलं तरी डाग राहतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं डाव्या हाताच्या बोटानं त्यांचा तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. नितळ होता.

या वेळी ती हसली नाही.

"म्हणजे मी रात्री हात झटकत बसायचे," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा तुम्ही जागे होता?"

"होतो."

"आणि हात चांगला होता."

"होता."

तिनं त्यांचा हात हळूच बाजूला केला. त्यांनी पुन्हा घास उचलला तेव्हा तिनं तोंड फिरवलं, ताट स्वतःकडे ओढलं आणि डाव्या हातात चमचा धरला. निम्मं सांडत होतं. तरी जेवली.

कडकराव घास हातात धरून बसून राहिले. उजव्या हातात. त्या हाताला सगळं नीट कळत होतं.